भोंगा नसलेली नोकरी

या वेळचं पत्र डोंबिवलीहून आलंय. नाव छापू नका असं तिनेच सांगितलंय. पत्र मोठं आहे, थोडक्यात देते.

"ताई, मी ३० वर्षांची आहे, पीएचडीचं चौथं वर्ष चालू आहे. विषय आहे गिरणगावात खानावळी चालवणाऱ्या बायका. माझी आजी लालबागला चाळीतल्या एका खोलीत पंधरा कामगारांना जेवायला घालायची, तिच्यामुळेच हा विषय घेतला. सकाळी एका कॉलेजात सीएचबीवर, म्हणजे तासांच्या हिशोबाने शिकवते, दुपारनंतर कलिनाला युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत, रात्री घरी. २२ मुलाखती रेकॉर्ड केल्यात, त्यातल्या ९ उतरवून काढल्या, आणि तिथेच अडकले. तिसरा चॅप्टर, म्हणजे १९८२ च्या गिरणी संपाचा, गेले पाच महिने फाईल उघडते आणि बंद करते. गाईडना मेसेज केला की निळी टिक येते, उत्तर येत नाही. तरी त्यांचं नाव फोनवर दिसलं की पोटात गोळा येतो. रात्री दोन-अडीचपर्यंत जागी असते पण काम होत नाही. परवा लोकलमध्ये उगाचच रडायला आलं. कधी कधी वाटतं उद्याची सकाळ होऊच नये. बाबा विचारतात कधी संपणार, मावसभावाचं उदाहरण देतात, तो आयटीत आहे. मी आळशी झालेय का? का माझ्यात तेवढी अक्कलच नाही? सोडून देऊ का?"

अगं, तुझ्या पत्रातलं एक वाक्य मी सगळ्यात आधी घेते, बाकीचं नंतर. "उद्याची सकाळ होऊच नये." तू ते दोन ओळींच्या मधे घालून पुढे गेलीस, बाबांवर आलीस, पण मी तिथेच थांबले. म्हणून सरळ विचारते, जीव द्यावा असं मनात येतं का? असं विचारल्याने कुणाच्या डोक्यात तो विचार घातला जात नाही, उलट कुणीतरी विचारलं म्हणून बोलता येतं. उत्तर हो असेल, किंवा "हो असं नाही पण..." असं असेल, तर हे पुढचं सगळं नंतर वाच. आधी १४४१६ ला फोन कर. ही सरकारची टेली मानस हेल्पलाईन आहे, २०२२ पासून चालू आहे, फुकट, दिवसरात्र, आणि मराठीत बोलता येतं. आणि आज रात्री घरातल्या एका माणसाला तरी सांग, आईला सांग. "मला बरं वाटत नाहीये, एकटीला सोडू नकोस" एवढं म्हटलं तरी बास, कारणं नंतर सांगता येतील.

आणि तसं काही नसेल, नुसता थकवा असेल, तरी डॉक्टरकडे जायचंच आहे. दोन आठवड्यांहून जास्त दिवस मन उदास, कशात रस नाही, झोप बिघडलेली, भूक बिघडलेली, असं असेल तर त्याला "मूड नाही" म्हणत नाहीत, ते तपासून घ्यायचं असतं. आधी तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जा आणि हिमोग्लोबिन, थायरॉईड, बी१२ करून घे, कारण आपल्याकडे बायका वर्षानुवर्षं अंगात रक्त नसताना स्वतःला आळशी म्हणत बसतात. मग मानसोपचार. खाजगीत फी परवडत नसेल, आणि सीएचबीवर नसतेच परवडत, तर केईएम, सायन, नायर या तिन्ही ठिकाणी मानसोपचाराची ओपीडी आहे, केस पेपर काढायचा, रांग मोठी असते, सोबत कुणाला तरी घेऊन जा. देवनारच्या टाटा इन्स्टिट्यूटची आयकॉल म्हणून फोनवरची समुपदेशन सेवा आहे, ती पण चांगली आहे. आणि आपल्या युनिव्हर्सिटीत समुपदेशक कोण आहे ते विचार, हक्काने विचार. २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की १०० किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत निदान एक प्रशिक्षित समुपदेशक किंवा मानसशास्त्रज्ञ असलाच पाहिजे.

आता आळशीपणाचं. आळशी माणसाला फाईल उघडावीशी वाटत नाही आणि त्याचं त्याला काही वाटतही नाही, तो मस्त झोपतो. तू पाच महिने रोज फाईल उघडतेस. रोज! याला आळस कोण म्हणेल? तू रोज त्या दारापर्यंत जातेस आणि आत जे आहे ते बघवत नाही म्हणून परत येतेस. आणि आत काय आहे ते तूच लिहिलंयस पत्रात, मला वाटतं लिहिताना तुझ्या लक्षात आलं नाही. संप. ज्या बायकांनी उधारीवर माणसं जेवू घातली, कामगारांचे पगार थांबले तसे यांचेही पैसे थांबले, एकीने मंगळसूत्र गहाण टाकलं ते सोडवलंच नाही, एकीचे जेवणारे एकेक करून गावी निघून गेले आणि परत आलेच नाहीत. हे तू हेडफोन लावून रात्री एक वाजता एकटी ऐकतेस, थांबवतेस, मागे घेतेस, परत तेच वाक्य ऐकतेस, टाईप करतेस. एक तास उतरवायला चार-पाच तास जातात, म्हणजे एका बाईचं रडणं तू चार-पाच वेळा ऐकतेस. त्यात तुझी आजी आहे. आवाज त्या बाईंचा असला तरी आजीच दिसत असणार ना? हे ऐकून जर तुला काहीच झालं नसतं तर मला काळजी वाटली असती.

मुलाखती घेणाऱ्या लोकांना हे होतंच, आणि आपल्याकडे रिसर्च मेथडॉलॉजीच्या कोर्सवर्कमध्ये सॅम्पल कसं काढायचं ते शिकवतात, पण दुसऱ्याचं दुःख ऐकून घरी आल्यावर स्वतःचं काय करायचं ते कुणी शिकवत नाही. म्हणून मी सांगते. मुलाखती रात्री ऐकायच्या नाहीत, कधीच नाही. दिवसा, उजेडात, लायब्ररीत, दीड तासाच्या वर नाही. ऐकून झालं की उठायचं, पाणी प्यायचं, कॅम्पसमध्ये झाडाखाली एक चक्कर मारायची, आणि ज्या मैत्रिणीला कळेल तिला फोन करून पाच मिनिटं सांगायचं की आज अशी अशी बाई भेटली. नाव-गाव नाही सांगायचं, गोष्ट सांगायची. आणि एक वही ठेव वेगळी, थिसीसची नाही, त्यात "हे ऐकून मला काय झालं" एवढंच लिही. त्यातलं अर्धं पुढे चॅप्टरमध्ये येईल बघ, पण त्यासाठी लिहू नकोस.

मग दुसरं, कामाच्या तासांचं, आणि हे मला फार पोटतिडकीने सांगायचंय. तू ज्या लोकांवर लिहितेस त्यांच्याकडे भोंगा होता. पाळी सुरू झाली की वाजायचा, सुटली की वाजायचा, आणि सुटल्यावर माणूस घरी जायचा, खानावळीत जेवायचा, भजनाला जायचा, पत्ते खेळायचा, कुणी मालक खानावळीत येऊन "अजून दोन वार विणून टाक" म्हणत नव्हता. पीएचडीला भोंगा नाही. सकाळी कॉलेज सुटलं तरी काम सुटत नाही, लोकलमध्ये काम, जेवताना काम, बहिणीच्या हळदीला सुद्धा मनात काम, आणि काम होत नाही तेव्हा तर सगळ्यात जास्त काम, कारण ते डोक्यात नुसतं फिरत राहतं. आणि रविवार? तुला माहीतच आहे, तुझ्याच विषयातलं आहे, नारायण मेघाजी लोखंड्यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना काढली आणि १० जून १८९० पासून रविवारची सुटी मिळाली. सहा वर्षं भांडून मिळवलेली सुटी आहे ती, याच शहरातल्या कामगारांनी मिळवलेली. आणि त्यांचा इतिहास लिहिणारी पोरगी रविवारी सकाळी सात वाजता लॅपटॉप उघडून अपराधी चेहऱ्याने बसलेली असते. नको गं असं.

म्हणून तुझा भोंगा तूच वाजव. रात्री नऊ. नऊ वाजता लॅपटॉप बंद, बॅगेत, बॅग कपाटात, डोळ्यासमोर नाही. चहा संध्याकाळी पाचनंतर नको, कॉफी तर नकोच, कॅफिन अर्धं उतरायलाच पाच-सहा तास लागतात, दहा वाजता घेतलेला चहा रात्री दोनला तुझ्याबरोबर जागाच असतो. पहिले आठ-दहा दिवस झोप येणार नाही, अंथरुणात पडून छताकडे बघशील, चालेल, पण उठून फाईल उघडायची नाही. रविवार पूर्ण बंद. एक रविवार सुद्धा "फक्त फूटनोट्स करते" म्हणून उघडायचं नाही.

आणि लोकलमध्ये पीडीएफ वाचणं आधी बंद कर. डोंबिवली ते कुर्ला उभ्याने, मग स्टेशनबाहेर रिक्षाची रांग, मग कलिना, येताना परत तेच, दिवसाचे तीन तास तू अंगमेहनत करतेस, ते कामात धर. त्या वेळात गाणी ऐक, किंवा काहीच करू नको. शेजारच्या बाईबरोबर भाजीच्या भावावर बोल. मला आमच्या डब्यातल्या बायकांनी जेवढं सांभाळलं तेवढं कुणी नाही सांभाळलं, त्यातल्या एकीलाही माझा विषय काय ते माहीत नव्हतं, आणि त्यामुळेच बरं वाटायचं.

गाईड. यावर मी माझं एक सांगते. मी एक चॅप्टर टाईप करून, पाकिटात घालून, पाकिटाच्या तोंडाला स्टेपलरच्या तीन पिना मारून सरांच्या हातात दिला होता. पाच महिने काही नाही. कॉरिडॉरमध्ये भेटले की मान हलवायचे आणि पुढे जायचे. मी त्या मान हलवण्याचे काय काय अर्थ काढले, रात्र रात्र, की एवढं वाईट लिहिलंय की बोलायची सुद्धा लाज वाटतेय त्यांना. केस गळायला लागले माझे, ॲसिडिटीने जेवण जाईना. मग एकदा ते नसताना शिपायाने त्यांच्या टेबलावरचा गठ्ठा हलवला तर माझं पाकीट खाली पडलं. तिन्ही पिना जशाच्या तशा. उघडलंच नव्हतं! मला राग यायच्या आधी हातापायातला जोरच गेला, मी तिथेच खुर्चीवर बसले. पाच महिने मी ज्या निकालाची शिक्षा भोगत होते तो निकाल कुणी दिलेलाच नव्हता.

तुझ्या निळ्या टिकेचंही तसंच असायची शक्यता खूप आहे. त्या माणसाकडे आठ विद्यार्थी, दोन कमिट्या, पेपर तपासणी, घरी आजारी आई, काहीही असेल. त्यामुळे त्यांची चूक माफ होते असं मी म्हणत नाही, विद्यार्थ्याला उत्तर देणं हे त्यांचं काम आहे. पण ते गप्प राहिले म्हणजे तुझ्या अकलेवर शेरा मारला असं नाही होत.

व्हॉट्सॲप सोड, मेल कर. मेल लहान कर. माफी मागू नको त्यात, "उशिराबद्दल क्षमस्व" ने सुरुवात करू नको. असं लिही: "सर, २२ मुलाखती झाल्या आहेत, ९ उतरवल्या आहेत. तिसऱ्या चॅप्टरची सहा कच्ची पानं सोबत जोडली आहेत. मुलाखती कालक्रमाने मांडू की विषयवार, एवढंच मला तुमच्याशी बोलायचं आहे. मंगळवार किंवा गुरुवार, वीस मिनिटं, तुम्हाला कधी जमेल?" बस. एकच प्रश्न, दोन वार, वीस मिनिटं. भेट झाली की त्याच संध्याकाळी दुसरा मेल, आज असं असं ठरलं, म्हणून. हे त्यांच्यावर पाळत ठेवायला नाही, तुझ्या स्वतःच्या मनाला पुरावा म्हणून, कारण थकलेलं मन चांगलं बोललेलं विसरतं आणि एक कपाळावरची आठी लक्षात ठेवतं. दोन मेलना उत्तर नाही आलं तर डिपार्टमेंटमध्ये जाऊन समोर उभी राहा. तरीही नाही, तर यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) नियमाप्रमाणे दर सहा महिन्यांनी रिसर्च ॲडव्हायजरी कमिटीसमोर प्रगती दाखवायची असते ना, तिथे स्पष्ट सांग की मला मार्गदर्शन मिळत नाहीये. गाईड बदलताही येतो. तक्रार निवारण समिती पण असते, यूजीसीचे २०२३ चे नियमच आहेत त्यावर, पण ते शेवटचं, आणि तिथे जाताना एकटी जाऊ नको.

"चौथं वर्ष आलं, मी मागे पडले" असं तू दोनदा लिहिलंयस मूळ पत्रात. कुणाच्या मागे? यूजीसीच्या नियमात पीएचडीला तीन ते सहा वर्षं आहेत, बायकांना त्यावर दोन वर्षांची सवलत आहे, बाळंतपण-बालसंगोपनासाठी २४० दिवसांची रजा वेगळी. म्हणजे तू अजून मधल्या स्टेशनावर पण उशिरा पोचलेली नाहीस. युनिव्हर्सिटीची नियमावली काढ, रजिस्ट्रेशनची तारीख बघ, आणि शेवटची तारीख कागदावर लिहून भिंतीला लाव. मनातली डेडलाईन नेहमी खऱ्या डेडलाईनपेक्षा जास्त छळते.

कॉलेजचं एक. पत्रात शेवटी ओझरतं लिहिलंयस की नॅकच्या, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनाच्या, फायली पण तुलाच करायला लावतात. तुला पैसे तासाचे मिळतात, ते पण कित्येक महिन्यांनी, आणि फायली तासात धरत नाहीत. मला माहितीये नाही म्हणणं सोपं नाही, पुढच्या जूनला परत घेतील का ही टांगती तलवार असते. पण थोडं तरी म्हण. "मॅडम, बुधवारी एक तास देऊ शकते, त्याच्यापुढे मला युनिव्हर्सिटीत जायचं असतं." एवढं रोज त्याच शांत आवाजात. मला या सीएचबीचा फार संताप आहे खरं तर, उच्चशिक्षित पोरंपोरी तिशी-पस्तिशीपर्यंत तासावर राबतात आणि मग त्यांनाच विचारतात तुम्ही खचता का. तुझ्या खचण्यातलं निम्मं तुझ्या डोक्यातलं नाहीये, ते पगारपत्रकातलं आहे, आणि ते योगासनांनी जाणार नाही. तुमच्यासारखे बरेच आहेत, एकमेकांना भेटा, संघटनेत जा, निदान एकमेकांचे थकलेले महिने मोजा.

बाबांना हे कळत नाही कारण त्यांना तू काय करतेस ते दिसत नाही, त्यांना फक्त लॅपटॉपसमोर बसलेली मुलगी दिसते. त्यांच्याशी वाद घालू नको. एक रविवार दुपारी, जेवणं झाल्यावर, त्या मुलाखतींपैकी एक वाचून दाखव त्यांना आणि आईला, ज्या बाईंची परवानगी आहे तीच, आणि हसरी निवड, संपाची नको. कुणाला किती चपात्या लागायच्या, कोण शुक्रवारी मासे मागायचा. आई बोलायला लागेल बघ, "अगं आमच्याकडे पण..." म्हणून. पीएचडी कधी संपणार हे विचारणारे बाबा त्या दिवशी दुसरं काहीतरी विचारतील.

सोडू का म्हणतेस. सोडता येतं. खरंच येतं, आणि सोडलेल्या माणसांना मी ओळखते, चांगली आहेत, आनंदात आहेत. पण चार तास झोपून, उपाशी पोटी, पाच महिने एकटीने ते दुःख ऐकून झाल्यावर तू जे ठरवशील ते तू ठरवलेलं नसेल, तुझ्या थकव्याने ठरवलेलं असेल. आजपासून तीन महिने पुढची तारीख कॅलेंडरवर टाक. तोवर डॉक्टर, नऊचा भोंगा, दुपारी एकला डबा (चारचा वडापाव हे जेवण नाही गं), आणि रोज पाऊण तास चॅप्टर, कितीही वाईट लिहिलं तरी चालेल, पण पाऊण तास झाला की बंद, चांगलं चाललं असेल तरी बंद. त्या तारखेला परत विचार कर. तेव्हा सोडावंसं वाटलं तर सोड, मी तुझ्या बाजूने उभी राहीन, बाबांना पत्र लिहायचं तर मी लिहीन.

आणि एकटीने लिहू नको. आठवड्यातून एक दिवस कुणाबरोबर तरी बस. विषय एक असायला पाहिजे असं काही नाही, केमिस्ट्रीवाली असली तरी चालेल, उलट बरंच. एका टेबलावर दोन लॅपटॉप, पाऊण तास गप्प, मग चहा. फोर्टात जमत असेल तर पुराभिलेखागारातलं, म्हणजे जुन्या सरकारी कागदपत्रांचं, काम झाल्यावर काळा घोड्याच्या डेव्हिड ससून लायब्ररीच्या मागच्या बागेत जाऊन बसा, एवढ्या गर्दीच्या शहरात तिथे पानांचा आवाज येतो.

पहिलं काम डॉक्टर, या आठवड्यातच. मग सोमवारी तो मेल. पाठवलास की मला नुसतं "पाठवला" एवढं कळव, उत्तर आलं का नाही ते सुद्धा सांगू नको, पाठवला एवढंच. आणि तुझ्या आजीचा तो पितळेचा डाव, ज्याच्या दांड्याला प्रत्येक जेवणाऱ्यामागे एक अशा पंधरा खुणा केल्या होत्या असं तू लिहिलंयस, तो अजून घरात आहे का? कुठल्या चॅप्टरमध्ये येतोय तो?